कोंबडी थांबली पाहिजे!

थांबण्याच्या बाबतीत अख्ख्या नगर जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते पटणार नाही, म्हणून आधी!

अडतीस वर्षं मी प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली एकवीस काष्टीत. आमच्या छगनला साताचा पाढा यायला तीन वर्षं लागली. मी तीन वर्षं थांबलो! 'सात चोक?' म्हटलं की तो वर छताकडे बघायचा. मग मीही छताकडे बघायचो. त्या छताचा पत्रा न् पत्रा मला पाठ झाला, पण 'सांग लवकर' असं मी एकदाही म्हणालो नाही. आज तोच छगन गावातल्या दूध संकलन केंद्राचा सेक्रेटरी आहे. (विजयमाला, म्हणजे आमच्या घरचं वरिष्ठ कार्यालय, म्हणते, "थांबत कसले होता? तुम्हाला डुलकी लागत होती." तिकडे लक्ष देऊ नका.)

निवृत्तीनंतर आम्ही केडगावला राहायला आलो. पण फळा सुटला तरी हाताची खडू धरायची सवय सुटत नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी एसटीने काष्टीला जातो आणि माझ्या जुन्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. शाळेत सहा मशिनी आहेत. पाच म्हाताऱ्या, माझ्या वयाच्या म्हणा, आणि एक देणगीत आलेली नवी. त्या सगळ्यांवर 'पाटी' नावाची प्रणाली चालते.

ही पाटी माझ्या विद्यार्थिनीने केली आहे, रुपालीने! आता ती भिंगारला असते. नोकरी सांभाळून तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मराठी शाळांसाठी ती बनवली. पाटी फुकट आहे. आत काय लिहिलंय ते कोणीही उघडून पाहावं, कोणीही सुधारावं, कोणालाही द्यावं. आमच्या गावाने यातला 'कोणालाही द्यावं' हा भाग मनावर घेतला. शाळेतून पेन ड्राइव्हवर पाटी निघाली ती आधी ग्रामपंचायतीत गेली, मग वाचनालयात, आणि तिथून छगनच्या दूध केंद्रात. विरजणासारखी! एका घरून वाटीभर आणायचं, दुसऱ्या घरी वाटीभर द्यायचं.

पाटीत मोजणीचा एक खेळ आहे. कोंबडी येते, अंडी दाखवते आणि विचारते, 'किती?' तीस सेकंदांत उत्तर दिलं नाही तर पंख फडफडवून, कोकलत निघून जाते.

आणि इथेच आमची संस्कृती अडली.

संस्कृती चौथीतली. घर पाथर्डीकडचं. आईबाप ऊसतोडीला येतात, कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहतात, आणि ते पाच महिने ही आमच्या शाळेत बसते. पोरगी हुशार, पण सावकाश. एकेक अंडं बोट लावून मोजणार, मग मनाशी पुन्हा मोजणार, मग माझ्याकडे बघून खात्री करणार. उत्तर नेहमी बरोबर. मात्र ते एकतिसाव्या सेकंदाला! तोवर कोंबडी पसार.

एका मंगळवारी ती मशिनीपुढून उठली ती थेट दाराशी जाऊन बसली.

"काय गं?"

"म्या न्हाई खेळत. ती कोंबडी लई माजुर्डी हाय. मी सांगायच्या आधीच जाती."

"अगं, पण तुझं उत्तर बरोबर होतं."

"मग कुणाला सांगू? तिथं कुणी न्हाईच!"

उत्तर ऐकायला शिक्षकच जागेवर नाही, असा वर्ग मी अडतीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी लगेच रुपालीला फोन लावला. "रुपाली, तुझी कोंबडी उद्धट आहे."

ती हसली. "गुरुजी, कोंबडी माझी नाही. मूळ खेळ परदेशातल्या लोकांनी केलाय. तो कालवा समजा. पाटी ही त्यावरची आपली चारी. वरून येईल ते पाणी आम्ही घेतो, त्यात मराठी मिसळतो आणि शाळांना सोडतो. नियम असा की सगळ्यांच्या उपयोगाचा बदल आधी वर पाठवायचा. तिथे घेतला की तो आपोआप खाली येतो."

"किती दिवसांत?"

"कधी महिना, कधी सहा महिने."

"पोरी, मी श्रीगोंदा तालुक्यात हयात घालवलीये. वरचं पाणी शेवटच्या शेताला, टेलला, कधी पोचतं ते मला नको सांगू! पंधरा दिवसांत हंगामाचा पट्टा पडेल, म्हणजे कारखाना बंद होईल, आणि ही गावी जाईल."

"मग तुमच्या शाळेतल्या मशिनीत तेवढं बदलून टाका ना."

"आणि तिच्या गावच्या शाळेत?"

पाथर्डीच्या त्या शाळेतही पाटीच होती, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे इथे मी कोंबडीला शिस्त लावायची, आणि तिथे ती पुन्हा उडून जायची! पोरगी एकदा दाराशी जाऊन बसली होती. दुसऱ्यांदा बसली तर उठेल याची खात्री मला नव्हती.

रुपाली म्हणाली, "चारीवरच ठिगळ लावता येईल. वरचा बदल येईपर्यंत आपलं आपण. तुम्ही लिहून पाठवा, मी घेते."

"मी?"

"तुम्हीच म्हणायचात ना, ज्याला शंका आली त्यानेच फळ्यापाशी यायचं!"

आपणच लावलेल्या झाडाचा आंबा आपल्याच डोक्यात पडतो तो असा.

मग मी बसलो. चष्म्यावर चष्मा लावला. कोंबडीची फाईल उघडली. 'वेळ संपली की पुढे जा' ही आज्ञा तीन ठिकाणांहून बोलावलेली दिसली. तीन ठिकाणी तीन दुरुस्त्या? छे! शोधत शोधत मी मुळाशी गेलो. ती आज्ञा एका वेगळ्याच फाईलमध्ये एकदाच लिहिलेली होती, आणि बाकी सगळे ती तिथून घेत होते. मी तिथेच तिचा निकाल लावला! वेळ संपली की पुढे जायचं नाही. थांबायचं. आणि पडद्यावर लिहायचं: 'घाई नाही, बाळा. सावकाश कर. मी थांबलोय.' मुलं माऊस टकाटका दाबून मोकळी होतात, म्हणून माऊस चालणार नाही. विचार करून एंटर दाबलं तरच पुढे.

एका ओळीत तीन कामं! शाबासकी देणारं कोणी जवळ नव्हतं, म्हणून मीच स्वतःला दिली.

त्याच मंगळवारी दुपारी बदल पाठवला. रुपालीने म्हणे मैत्रिणींचे बदल चार-चार वेळा परत पाठवलेले. माझा? नऊ मिनिटांत मंजूर! खाली लिहिलं होतं, 'गुरुजी, अप्रतिम.'

"बघितलंस?" घरी येताच मी विजयमालाला फोन दाखवला. "एकही चूक नाही."

"नऊ मिनिटांत तर तुमचा चष्मा सापडत नाही," ती म्हणाली. "तिने वाचलं तरी का?"

मत्सर! दुसरं काय?

गुरुवारी नवी पाटी सगळीकडे रवाना झाली. शुक्रवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. छगन!

"गुरुजी, लई वांदा झालाय. मशीन मला बाळा म्हणतंय."

"काय म्हणतंय?"

"घाई न्हाई बाळा, सावकाश कर, मी थांबलोय! कोण थांबलंय गुरुजी? हितं साठ माणसं थांबल्याती किटल्या घेऊन!"

हळूहळू उलगडा झाला. दूध मापलं की छगनची मशीन लिटर आणि फॅट दाखवते आणि विचारते, 'बरोबर?' पाच सेकंद कोणी काही बोललं नाही की बरोबर समजून पुढे जाते. म्हणजे जायची. ती पुढे जाण्याची आज्ञा कुठून घ्यायची? त्याच फाईलमधून! मला पाणी हवं होतं माझ्या एका वाफ्याला, आणि मी जाऊन हात घातला थेट चारीच्या मुखाशी.

"छगन, एंटर दाब."

"एंटर कुठाय?"

"कीबोर्डवर!"

"तो दोन वर्सं झाली तुटलाय. म्हशीनं लाथ मारली हुती. मशीन आपलं आपण पुढं जातंय म्हणून आमी न्हाई बदलला."

"अरे, मग वहीवर लिही!"

"वहीवर कुणी इस्वास ठेवीना. मशीननं सांगितलेलंच खरं म्हनत्यात." मागून कोणीतरी ओरडलं, 'आरं छगन, दुधाचं दही झाल्यावर मापतो का?' "गुरुजी, चेअरमन आल्यात. त्यानलाबी बाळा म्हनलं त्या मशीननं!"

"ते काय म्हणाले?"

"आधी लाजले. आता चिडल्यात."

कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याचकडे असते. मी चहा अर्धा टाकून एसटी पकडली. साडेआठला पोचलो तेव्हा किटल्यांची रांग केंद्रापासून मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. शाळा उघडली, कीबोर्ड पाहिले. पाच म्हाताऱ्या मशिनींच्या कीबोर्डांना गोल पिना. छगनच्या मशीनला लागते चपटी. चपटी पिन फक्त नव्या मशीनच्या कीबोर्डला! तो उपसला, बगलेत मारला, आणि मशीनवर चिठ्ठी ठेवली: 'कीबोर्ड नेला आहे. अकरापर्यंत आणतो.'

केंद्रावर छगनने एंटर दाबायचा आणि लोकांनी 'हां!' म्हणायचं, असा दीड तास कार्यक्रम चालला. एक म्हातारे गृहस्थ तर 'मी थांबलोय' वाचून म्हणाले, "पहिल्यांदाच कुनीतरी आमच्यासाठी थांबलं बाबा!" बाकीच्यांची मतं मी इथे लिहीत नाही. लहान मुलंही हे वाचतील.

दूध संपलं, टँकर गेला, मी घाम पुसला. आणि शाळेतून फोन. मुख्याध्यापिका सवितामॅडम!

"गुरुजी, कुठे आहात? साहेब आलेत!"

"कोण साहेब?"

"तालुक्याचे, शिक्षण खात्याचे! आज भेट होती ना, साडेदहाला!"

घड्याळात साडेदहाच वाजले होते. साहेब वेळेवर आले होते! अडतीस वर्षांच्या नोकरीत जे कधी घडलं नाही, ते नेमकं आज!

मी कीबोर्ड घेऊन धावत सुटलो. साठी ओलांडलेला माणूस, बगलेत कीबोर्ड आणि मागे लोंबणारी वायर. दोन कुत्री शाळेपर्यंत सोबत आली.

खोलीत पोचलो तर नव्या मशीनला प्रोजेक्टर जोडलेला आणि भिंतीवर भलामोठा चौकोन. सवितामॅडमनी शाळेच्या प्रगतीची चित्रफीत मोठ्या मेहनतीने केली होती. दर दहा सेकंदांनी चित्र आपोआप बदलायचं. पण पहिल्याच चित्रावर, वृक्षारोपणाच्या फोटोवर, हातभर अक्षरांत लिहिलं होतं:

'घाई नाही, बाळा. सावकाश कर. मी थांबलोय.'

मॅडम माऊस दाबत होत्या. माऊस मीच बंद केला होता. साहेब वाचत होते. त्यांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि शांतपणे विचारलं, "हे कोण थांबलंय?"

मी दारातच हात वर केला. कीबोर्डासकट.

तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यातून किंकाळी आली. "गुरुजीऽऽ! थांबली!"

संस्कृती! या सगळ्या गोंधळात ती कधी म्हाताऱ्या मशिनीपुढे बसली, कोणालाच कळलं नव्हतं. पडद्यावर कोंबडी, एका पायावर उभी. खाली माझं वाक्य. संस्कृतीने बोटाने अंडी मोजली. मनाशी पुन्हा मोजली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. एवढी शिस्त मला अजून आहे. साहेब उभे, मॅडम उभ्या, मी धापा टाकत उभा. दीड मिनिट गेलं असेल. मग तिने 'सतरा' दाबलं, एंटर दाबलं, आणि कोंबडी पंख पसरून नाचली.

"ती गेली न्हाई!" संस्कृती म्हणाली. "म्या सांगंपर्यंत हितंच हुती!"

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली. "बघू, मला जमतं का." त्यांनी चष्मा पुसला, मोजली, आणि 'सोळा' दाबलं. चुकलं! कोंबडीने मान वाकडी करून पाहिलं.

"घाई करू नका सायेब," संस्कृती म्हणाली. "ती कुठं जात न्हाई."

भेट पार पडली. साहेबांनी शेरा चांगला दिला. मी विजयी मुद्रेने रुपालीला फोन लावला. पलीकडे ती रडकुंडीला आली होती.

"गुरुजी, एकशे चाळीस शाळांमधून फोन येतायत. मशिनी बंद होत नाहीयेत. 'बंद करू का?' विचारतात आणि थांबून राहतात. एका ग्रामपंचायतीत सरपंचांना बाळा म्हटलंय. मला तुमचा बदल मागे घ्यावा लागेल. आत्ता."

"घे," मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं. "म्हणजे कोंबडीसुद्धा?"

"सगळंच."

खिडकीतून मैदान दिसत होतं. संस्कृती दोन मैत्रिणींना कोंबडी एका पायावर कशी उभी राहिली ते करून दाखवत होती. पट्टा पडायला बारा दिवस होते.

"रुपाली, खरं सांग. तुला चूक दिसली नव्हती?"

"तसं... म्हणजे, गुरुजी..."

"दिसली होती?"

"पहिल्याच मिनिटाला," ती हळूच म्हणाली. "ती फाईल सगळ्यांची आहे, हे दिसलं होतं. पण गुरुजी, तुमच्या कामावर लाल रेघ कशी मारू? मला अक्षर तुम्ही शिकवलंत. आठ मिनिटं नुसती बघत बसले, आणि मग 'अप्रतिम' लिहून टाकलं."

राग कुणावर काढावा? पोरीला पाया पडायला आम्हीच शिकवलं होतं.

"तुझ्या वहीवर मी किती रेघा मारल्या असतील?"

"बापरे! पान उलटलं तरी मागून लाल दिसायचं."

"मी तुझा अपमान करत होतो?"

"नाही."

"मग काढ लाल शाई. आणि कोंबडीसाठी मला पुन्हा एक संधी दे."

तिने काढली! काढली म्हणजे काय, दौतच उपडी केली. मी नवा बदल पाठवला, तो अकरा शेऱ्यांसकट परत आला. सगळ्यांच्या फाईलला हात लावू नका. थांबायचं की नाही ते शिक्षकाला ठरवू द्या. माऊस चालू ठेवा, एका मुलाचा हात अधू आहे. स्वल्पविराम चुकलाय. मी दुरुस्त केलं. सात शेरे. पुन्हा केलं. चार. दहा दिवस माझ्या डोळ्यांपुढून कोंबडी हलेना. सहाव्या वेळी परत आलं तेव्हा मी, थांबण्यात जिल्ह्यात पहिला येणारा मी, फोनवर ओरडलो, "अगं, अजून किती वेळ? पोरगी परवा चालली!"

"गुरुजी," पलीकडून शांत आवाज आला, "सात चोक?"

मी छताकडे बघितलं.

सातव्या वेळेस तो मंजूर झाला. या वेळी 'अप्रतिम' नव्हतं. 'आता बरोबर आहे' एवढंच होतं. तुम्हाला सांगतो, ते वाचून जास्त बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पट्टा पडला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसून संस्कृती गेली. जाताना म्हणाली, "तिथली कोंबडी वळखंल का मला?" मी म्हटलं, "बघू." नक्की सांगायचं धैर्य नव्हतं.

पाच दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिच्या गावच्या गुरुजींचा होता. फोन त्यांचा, आवाज तिचा.

"गुरुजी, हितंबी थांबती!"

मी चष्मा काढून पुसला. डोळ्यात कचरा गेला होता.

आता तेवढं एकच राहिलंय. रुपालीने तो बदल नियमाप्रमाणे वर, कालव्याच्या लोकांकडे पाठवला आहे, माझ्या नावाने! तिकडून उत्तर आलं की त्यांनी काम हाती घेतलेलं नाही, माणसं थोडी आहेत, कृपया धीर धरावा. धीर? मला सांगताय? मी आपला दर दहा मिनिटांनी फोन उघडून बघतो, एवढंच. दोन महिने झाले.

काल विजयमाला म्हणाली, "मी जरा शेजारी जाऊन येते. गॅसवर दूध आहे. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. फोनवर. तिकडे कोणीतरी आमच्या कोंबडीखाली पसंतीचा एक अंगठा उमटवला होता! कुणाचा, कुठला, म्हणून मी चष्मा सारखा करतो तोवर मागे फस्स् झालं. दूध उतू जाऊन गॅसवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर.

दारात विजयमाला उभी. तिने गॅसकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग फडकं माझ्या हातात दिलं, स्टूल ओढून निवांत बसली, आणि म्हणाली,

"घाई नाही, बाळा. सावकाश पुसा. मी थांबलेय."